बादलीतले मासे आणि आप्पांची आंघोळ

सासऱ्यांची किंकाळी कुणी ऐकलीय का? मी ऐकलीय. शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा. खिडकीतल्या उन्हानं माझ्या फिशटँकच्या काचांवर इतकं शेवाळ धरलं, की आतले तीन गोल्डफिश दिसेनात. एका रविवारी मी मासे टँकच्याच पाण्यात, न्हाणीतल्या बादलीत ठेवले आणि रिकामा टँक गच्चीवर नेऊन मिठानं घासत बसलो. बायकोला सांगायचं राहिलं.

काचा चकाचक करून खाली आलो, तर न्हाणीचं दार बंद.

"आत कोण आहे?"

बायको म्हणाली, "केंदूरहून आप्पा आलेत. बादली भरलेलीच होती, म्हटलं आंघोळ उरका."

"अगं, त्यात मासे आहेत!"

ती पांढरीफटक पडली. "आन् मी त्यांना कढत पाण्याचं पातेलं दिलंय."

त्यात लाईट गेलेली, न्हाणीत अंधार. तेवढ्यात आतून आप्पा ओरडले, "आगं पोरी, पाण्यात साप हाय! पाठीवरनं गेला!"

मी दार बडवलं. "आप्पा, गरम पाणी ओतलं का?"

"न्हाई!"

दार उघडलं. आप्पा टॉवेल गुंडाळून उभे होते, तोंडभर साबण. मोरीच्या जाळीवर एक मासा तडफडत होता. मी झडप घालून तो बादलीत सोडला. तिन्ही वाचले.

आप्पांनी तोंडावरचा साबण पुसला. मग लेकीला म्हणाले, "म्या साप म्हणून वराडलो, आन् जावईपाव्हणं इचारत्यात, गरम पाणी ओतलं का!"