लाडवाच्या डब्यातली नावं

यज्ञेश्वर : परत वाच. शेवटची ओळ.

पूर्णिमा : चार वेळा वाचली. "आपली निवड नागरिक सभागृहाच्या सदस्य म्हणून सोडतीने झाली आहे. संमतिपत्र उद्या सायंकाळी पाचपर्यंत न आल्यास राखीव यादीतील पुढील नावाचा विचार केला जाईल."

यज्ञेश्वर : बघ. राखीव यादी. म्हणजे तुझ्या मागे कोणीतरी आधीच येऊन उभा आहे.

पूर्णिमा : शंभर जणांमागे शंभर राखीव आहेत. त्यात संशय घेण्यासारखं काय?

यज्ञेश्वर : लाखो मतदार, त्यातून शंभर नावं, आणि त्यात शनिवार पेठेतली तू. आपल्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा कधी तुझ्यासाठी तळमजल्यावर उभी नसते.

पूर्णिमा : नाट्यगृहात सगळ्यांसमोर काढली सोडत. काचेचं पिंप होतं, त्यात आकडे लिहिलेले चेंडू. मी मोबाईलवर बघितलं.

यज्ञेश्वर : काच कशाला ठेवतात? माणसाने काचेकडे बघत बसावं म्हणून.

पूर्णिमा : निवडून आलेल्यांवर तुमचा विश्वास नव्हता. आता निवडणूकच नाही, सरळ सोडत, तर त्याच्यावरही नाही.

यज्ञेश्वर : निवडून येणारा निदान दारात येऊन खोटं बोलायचा. चेहरा माहीत असायचा. हे शंभर जण शहराचे नियम करणार म्हणे. कोण, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, बाणेरची कोणी आयटीतली मुलगी, आणि तू.

पूर्णिमा : मी काय वाईट आहे? शाळेत शिकवत होते तेव्हा मतदार याद्यांच्या कामाला दर वेळी मलाच पाठवायचे. नारायण पेठेतला एक जिना राहिला नसेल चढायचा. कोणाकडे पाणी चढत नाही, कोणाचा म्हातारा चार वर्षं खाली उतरलेला नाही, सगळं माहीत आहे मला. नावं लिहून घेतली आणि परत आले. तुला काय वाटतं, असं कधी कोणी विचारलं नाही. आता विचारतायत, तर मला जायचंय.

यज्ञेश्वर : विचारत नाहीयेत, वापरून घेतायत. पहिल्याच बैठकीत टेकडीवरच्या बांधकामाचा नियम आहे. साधी बाई बघून नाव काढलं असणार, सांगू तिथे हात वर करील म्हणून.

पूर्णिमा : अडतीस वर्षांत तुम्ही सांगितलंत तिथे मी किती वेळा हात वर केला?

यज्ञेश्वर : ते त्यांना कुठे माहीत आहे?

(दारावरची बेल वाजते.)

जयसिंग : येऊ का वहिनी? म्हटलं, समक्ष जाऊन अभिनंदन करावं. पेढे हायत.

यज्ञेश्वर : या, माजी नगरसेवक. मागच्या निवडणुकीनंतर पहिल्यांदाच तिसरा मजला चढलात.

जयसिंग : लिफ्ट बंद हाय तुमची.

यज्ञेश्वर : बंद नाही, वर थांबलेली असते. बसा.

जयसिंग : बसतो. पण सरळच विचारतो, यज्ञेश्वरराव. वहिनींचं नाव कुणी बसवलं?

यज्ञेश्वर : म्हणजे तुम्ही नाही बसवलंत?

जयसिंग : मी बसवलं असतं तर माझ्या भावाचं नसतं का बसवलं? मला तर वाटलं, तुम्हीच कुणाला तरी धरलं.

पूर्णिमा : चहा टाकू का? माझं नाव कोणी बसवलं हे ठरायला तुम्हाला वेळ लागेल असं दिसतंय.

जयसिंग : वहिनी, राग मानू नका. वीस वर्षं राजकारणात काढली मी. एकेक मत मागताना घाम फुटतो माणसाला. दारोदार हात जोडायचे, लोकांच्या पोरांची बारशी जेवायची. अन् हितं एक चेंडू घरंगळला की झालं? असं नसतंय. ही सगळी भानगड पंधरा दिवसांत कोर्टात जाणार. तुमच्यासारख्या घरंदाज बाईनं कशाला पडायचं त्यात? हा कागद आणलाय. तब्येतीमुळं जमणार न्हाई, असं लिहिलंय. सही तेवढी करा.

पूर्णिमा : माझ्या तब्येतीला काय झालंय?

जयसिंग : लिहिलंय की. गुडघे.

पूर्णिमा : माझे गुडघे ठीक आहेत. दम तुम्हाला लागलाय.

यज्ञेश्वर : बघू तो कागद. हं. मसुदा बरा आहे. पूर्णिमा, करून टाक सही.

पूर्णिमा : अहो, आत्ता तर तुम्ही यांच्यावरच संशय घेत होतात. इतक्यात जमलं तुमचं?

यज्ञेश्वर : यांच्यावर आहेच. पण त्या सोडतीवर जास्त आहे. चिठ्ठी कधी आपोआप निघत नसते. मी सांगतोय ना.

पूर्णिमा : तुम्हाला एवढी खात्री कशी?

जयसिंग : त्यांना नसणार तर कुणाला? बावीस वर्षं मंडळाचे कार्यवाह होते ते.

पूर्णिमा : गणपती मंडळाचा इथे काय संबंध?

जयसिंग : उत्तरपूजेची आरती. दरवर्षी एका घरच्या बाईला मान, अन् नाव लाडवाच्या डब्यातून चिठ्ठी काढून. मी नगरसेवक होऊन पेठेत राहायला आलो त्याच साली आमच्या आईचं निघालं, सरुबाई म्हणून. म्हातारी रडली. बाप्पानं बोलावलं म्हणाली.

यज्ञेश्वर : जयसिंगराव, चहा गार होतोय.

जयसिंग : अजून आलाच न्हाई. तर काय वहिनी, आरती झाल्यावर ह्यांनी त्याच डब्यात लाडू भरून आईबरोबर घरी धाडले. लाडू संपले तर तळाशी तुपाला चिकटून चार चिठ्ठ्या. चारींवर आईचंच नाव. आई शाळेत गेलेली न्हाई म्हणून बरं.

पूर्णिमा : सगळ्या चिठ्ठ्यांवर सरुबाई?

यज्ञेश्वर : मांडवाची परवानगी अडली होती त्या वर्षी.

जयसिंग : पुढच्या वर्षापास्नं कधी अडली का, सांगा.

पूर्णिमा : आणि बाकीची वर्षं?

यज्ञेश्वर : बाकीची वर्षं अगदी सरळ. देवाशपथ. बेचाळीस घरं आणि एक्केचाळीस चिठ्ठ्या.

पूर्णिमा : एक कोणाची नव्हती?

यज्ञेश्वर : आता ते उकरून काय करायचंय?

पूर्णिमा : कोणाची नव्हती?

यज्ञेश्वर : तुझी कशी टाकणार होतो मी? कार्यवाहाच्याच बायकोचं नाव निघालं असतं तर पेठेने तोंडात शेण घातलं असतं माझ्या.

पूर्णिमा : बावीस वर्षं.

यज्ञेश्वर : एकदा टाकणार होतो. मग धीर झाला नाही.

पूर्णिमा : दर अनंत चतुर्दशीला नऊवारी नेसून खाली येत होते मी. डब्यात हात गेला की डोळे मिटून उभी राहायचे. वर आल्यावर तुम्हीच सांगायचात, नशीब लागतं म्हणून. मी तेही खरं मानलं. लहानपणी काही चुकलं असेल आपलं, असंसुद्धा वाटायचं मला.

यज्ञेश्वर : तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो.

पूर्णिमा : वाटत होतं. खूप वाटत होतं.

जयसिंग : मी निघतो. कागद राहू दे का?

पूर्णिमा : राहू दे. मागची बाजू कोरी आहे, वाणसामान लिहायला होईल. पेढे घेऊन जा. आणि जयसिंगराव, तुमच्या आईंना ते चिठ्ठ्यांचं कधी सांगू नका.

जयसिंग : न्हाई सांगितलं इतकी वर्षं. पण वहिनी, उद्या पाचपर्यंत विचार करा.

पूर्णिमा : सावकाश उतरा. जिन्यात दिवा नाही.

यज्ञेश्वर : गेला एकदाचा. हे बघ पूर्णिमा, तू चिडणार, ते मला समजतं. माझं चुकलं. पण तरीही सांगतो, मला यात काळंबेरं दिसतंय.

पूर्णिमा : असेलही. मला तरी कुठे पुरता भरवसा आहे? शंका घेऊनच जाईन. त्या टेकडीवर कोणाकोणाच्या जमिनी आहेत, हा पहिला प्रश्न मीच विचारणार आहे. पेन द्या.

यज्ञेश्वर : देतो. पण एवढं एक सांग. एवढ्या लाखांतून नेमकं तुझंच नाव निघालं कसं?

पूर्णिमा : या वेळी ते डब्यात होतं.