चौथा गडी

नाम घेऊन झालं, गळे मोकळे झाले. आता टाळ मांडीवर ठेवा आणि मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपलं लेकरू वाया चाललंय, हे आईबापानं ओळखायचं कशावरून?

सांगा की! — कोण म्हणालं, 'हातात फोन दिसला की समजायचं'? काका, तुम्ही? मघाशी ऐन आरतीत तुमच्याच खिशात लावणी वाजत होती!

बरं, पोरगं फोनवर खेळतंय. काय खेळतंय? — आता कसे सगळे गप्प! अहो, पोरगं जेवलं म्हटलं की विचारता ना, काय जेवलं? भात जेवलं की नुसती मिरची चावली? मग खेळतंय म्हटल्यावर का नाही विचारत? खेळ काय एकच असतो! शर्यतीचा असतो — पोरगं बसल्या जागी वळणं घेतं, आणि उठल्यावरही घाईतच असतं. बांधायचा असतो — विटेवर वीट, भिंतीवर भिंत! पोरगं शांत असतं हो, पण जेवायला हाक मारा — 'एवढं छप्पर झालं की येतो!' आणि ते छप्पर काही होत नाही! कोड्याचा असतो, त्याला डोकं लागतं. रंगीत फळं फोडायचा असतो, त्याला काहीच लागत नाही — तो घरात बहुतेक बाबाच खेळतात! हसू नका बायांनो, आपापल्या यजमानांकडे बघा!

आणि एक असतो लढाईचा. बंदुका, धूर, आरडाओरडा! त्यानं रक्त तापतं, झोप उडते. लहानग्याच्या हाती तो देऊच नये, हे मी या गादीवर उभा राहून सांगतो. पण मंडळी... त्याच लढाईच्या खेळात जे घडलं, ते आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. ऐका!

खाली खाडीकडच्या एका गावात दत्ताराम गुरव नावाचा माणूस. पिठाची गिरण त्याची. भुवया कायम पांढऱ्या, त्यामुळे लग्नातसुद्धा म्हाताराच दिसला म्हणतात! पण पखवाजावर बसला, की काय सांगू! भजनी मंडळाचा तो कणा. आणि त्याच्या शेजारी झांज घेऊन कोण? त्याचा मुलगा कैवल्य. नववीतला. लाजाळू इतका, की पाहुणे आले की दाराआड! पण बापाचा हात पखवाजावर पडला, की पोराची झांज बरोब्बर बोलणार.

एक दिवस शाळेतून चाचणीचा निकाल आला. गणितात नापास! दत्ताराम गिरणीतून तसाच पीठभरल्या अंगानं घरी आला. बघतो तर काय — पोरगं पडवीत बसून फोनवर! कानात वायर, नजर खाली, 'थांब, थांब, आलो' असं कुणाला तरी सांगतंय. झालं! दत्तारामाचं डोकं सणकलं. "तिकडं गणित बुडालं आणि इकडं हा माणसं मारतोय!" — फोन हिसकावला आणि दिला टाकून... कशात? नाचणीच्या पिठाच्या डब्यात! वर झाकण लावलं!

पोरगं ओरडलं का? नाही. रडलं का? नाही. बापाकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेलं. पुढं आईनं फोन झटकून, पुसून परत दिला, शिकवणी लावली, सगळं झालं. पण त्या दिवसापासून पोरगं बापाशी बोलेना! गणपती आले. दत्ताराम पखवाज घेऊन बसला, शेजारची जागा रिकामी. झांज खुंटीला तशीच. गणपती गेले, पोराचा शब्द नाही. दत्ताराम चारचौघांत म्हणायचा, "आजकालची पोरं!" आणि गिरणीत एकटा असला की पट्टा सुरू करायचं विसरून उभा राहायचा. अहो, आवाज करणाऱ्या पोराची भीती नसते. गप्प पोराच्या बापाला विचारा!

शेवटी त्याची बायको शालिनी पोराजवळ जाऊन बसली. आणि तिनं काय केलं माहितीये? नुसतं विचारलं! "कैवल्या, कसला रे हा खेळ? मला दाखव."

पोरानं दाखवला. चौघांचा एक गट. मैदान चहूबाजूंनी आवळत येतं, आत पोचला तो वाचला. मध्येच थांबवायची सोय नाही, डाव संपेपर्यंत सोडता येत नाही. पोरगं म्हणालं, आणि आई, कुणाला गोळी लागली, की तो लगेच मरत नाही, गुडघ्यावर पडतो. गटातल्या दुसऱ्यानं जवळ जाऊन त्याला उचलायचं. पण उचलताना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याला हलता येत नाही. गोळ्या आल्या तर झेलायच्या!

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी इम्रान पडला होता, आई. मी त्याला उचलत होतो."

शालिनी उठली, पानं घेतली. नवऱ्याचं जेवण होऊ दिलं. शहाणी बाई, उपाशी माणसाला खरं सांगत नाही! मग म्हणाली, "अहो, भजन रंगात आलंय आणि मी मध्येच येऊन तुमचा हात धरून ओढला तर?"

"भजन कुठं, बंदुका कुठं!"

"कळतं मला. पण मागं राहिलेल्यांनी काय करायचं? तो माणसं मारत नव्हता त्या वेळी. पडलेल्याला उचलत होता." आणि वर म्हणाली, "त्यांचा चौथा गडी गावाला गेलाय. उद्या रविवार आहे. माझा फोन घ्या आणि बसा."

बसला दत्ताराम! पडवीत एका टोकाला बाप, एका टोकाला लेक, दोघांच्या कानात वायरी. आता गंमत ऐका — पोरगं बापाशी बोलत नाही, मग सांगणार कसं? तर ते म्हणायचं, "इम्रान, चौथ्याला सांग, भिंतीमागं राहा." इम्रान दोन गावं पलीकडे! तो तिथून सांगणार, "काका, भिंतीमागं राहा!" हाताच्या अंतरावरचा बाप, आणि निरोप खाडी ओलांडून यायचा!

पखवाजावर विजेसारखी चालणारी बोटं, पण इथं अंगठा काही ऐकेना. दत्ताराम भिंतीवर आपटतोय, आभाळाकडेच बघतोय. आणि मध्येच थबकला! "अरे... काय डोंगर आहेत! गवतसुद्धा हलतंय!" खरंच हलत होतं. आणि त्या गवतातून त्याच्या कानात एक आवाज येत होता — शांत, नेमका. "डावीकडे दोघं आहेत. घाई नको. इम्रान, पाणवठ्याकडून ये." कोण बोलतंय हे? पाहुणे आले की दाराआड लपणारं माझं पोर? दत्ताराम ऐकतच राहिला, मंडळी! आपल्याच घरात एवढा मोठा माणूस राहत होता, आणि आपल्याला पत्ता नव्हता!

मैदान आवळत आलं. तिघं धावत सुटले. चौथा? चौथा उघड्यावर, चुकीचं बटण दाबून उडी मारतोय! आणि लागली गोळी. दत्ताराम गुडघ्यावर!

"कैवल्य, सोड त्यांना!" इम्रान ओरडतोय. "आत ये, आपण जिंकतोय!" खरंच जिंकत होते हो. एक पाऊल, आणि पोरगं सुखरूप आत!

आणि पोरगं थांबलं. वळलं. आणि पळत सुटलं — उलटं! गोळ्यांच्या दिशेनं! बापाजवळ येऊन गुडघे टेकले. आणि गणपती आले-गेले तरी न फुटलेला शब्द फुटला —

"बाबा, हलू नका. मी आलोय."

दत्तारामाच्या डोळ्यांपुढचं मैदान पुसट झालं. तो काय धूर होता का? नव्हता हो! बाप उठला, आणि त्याच क्षणी पोराला गोळी लागली. आता लेक गुडघ्यावर.

"बाबा, पळा! आत जा!"

पळाला का दत्ताराम? तिथंच उभा राहिला. कानातली वायर ओढून काढली, पडवीच्या त्या टोकाला वळला आणि विचारलं, "उचलायचं बटण कुठलं रे, बाळा?"

पोरगं पडवीतल्या आपल्या जागेवरून उठलं, बापाला चिकटून बसलं, आणि त्याचं बोट धरून दाखवलं. डाव हरले. हरणारच! पण त्या रात्री झांज खुंटीवरून उतरली. दोघांत करार झाला: सुरू झालेला डाव पुरा होईल, पण त्याला जोडून लगेच नवा सुरू होणार नाही, आणि गणिताची वही आधी.

मंडळी, मी खेळाची आरती ओवाळायला उभा नाही. घरी जा, पोराचा खेळ कुठल्या जातीचा आहे ते बघा. वय बघा, झोप बघा, काढून घ्यावासा वाटला तर घ्या. पण आधी शेजारी बसा! आणि स्वतःला एक विचारा. पोरगं नापास झालं, मित्रानं टाकलं, कुठंतरी तोंडघशी पडलं, तेव्हा तुम्ही काय करता? 'नाक कापलंस' म्हणून आपल्या अब्रूच्या रिंगणात धावत सुटता, की मागं वळता? नववीतलं पोर वळलं हो, जिंकता जिंकता वळलं!

बटण कुठलं, ते आपल्यालाही ठाऊक नसतं. नसू दे! विचारायला काय जातं? घ्या टाळ हातात. आणि नाम घेताना शेजारी लेकरू बसलं असेल, तर जरा त्याच्याकडे बघून घ्या!