दोघींत एकच पॅड

लातूर-नांदेड एसटीत लताबाईंच्या पुढच्या सीटवर दोन मुली बसल्या होत्या. दोघींच्या मधे एवढी थोरली किटबॅग, की बसायलाच जागा उरली नव्हती. लताबाईंचं पुस्तक मांडीवर उघडं राहिलं आणि कान पुढं गेले.

"हॉकी कॅम्पची उद्या शेवटची मॅच. लीगच्या टीमला आता एकच गोलकीपर घ्यायची हाय. सर दोघींना हाफ-हाफ खेळवणार."

"ठाव हाय गं अयोध्या. सकाळपासून तेच सांगून राहिली."

"मग ह्या बॅगेतले पायाचे पॅड आधी कुणी घालायचे?"

"शाळेत कसं करायचो? आधी तू, मग मी."

"म्हणजे तुला घामानं ओले झालेले. न्हाई वैष्णवी, उद्या आधी तूच घाल."

"का? दुसऱ्या हाफला समोरच्या पोरी दमतात म्हणून?"

"तसं म्हणले का मी? फक्त उतरवताना पट्टे ढिले करून दे."

"देते की."

"मागच्या बारीला न्हाई दिले."

"घाई होती."

"हाव, घाईच होती."

लोहा गावचा स्टँड मागं पडला. लताबाईंनी एक पान उगीच उलटलं.

"अयोध्या, उद्या तुला घेतलं, तर हे पॅड कुणाचे?"

"तुझे. टीमवाले नवे देतात."

"अन् मला घेतलं तर?"

"मग माझे."

नांदेडच्या स्टँडवर दोघी घाईघाईनं खाली उतरल्या. मागून कंडक्टर ओरडला,

"ओ ताई, ही बॅग कुणाची?"

"हिची," दोघी एकदमच म्हणाल्या.