त्यांचा खरा माणूस

दुकानात राजकारण बोलायचं नाही, हा न्हाव्याचा नेम. पण कान काही बंद करता येत नसत. मास्तरांच्या गालाला त्यानं साबण फासला. शेजारी मास्तरांचा मेहुणा बसला होता.

"भाऊजी, कुणाला सांगू नका. विरोधकांच्या ग्रुपमध्ये मी खोट्या नावानं घुसलोय. 'रणगर्जना'!"

"अरे, तिथला 'निखारा' मीच!"

"म्हणजे आपल्याच पक्षाला रोज शिव्या घालणारे तुम्ही?"

"संशय यायला नको! पण प्रत्येक शिवीला टाळ्या तूच वाजवतोस ना?"

"मग काय करू? वकीलसाहेब, डॉक्टर, मामा, तिथले सगळे आपलेच निघाले."

"मग त्यांचा खरा माणूस कोण रे?"

"एक 'गरुड' होता. शिव्या जरा कमी द्या म्हणायचा."

"त्यालाच तर मी काल हेर म्हणून हाकललं!"

न्हाव्यानं वस्तऱ्याला नवं पातं लावलं.

"मास्तर, मान जरा वर करा," तो म्हणाला. "गरुड मीच."