एका हातापुरता बनवलेला ॲम्प

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आबासाहेब, हुबळीहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या रुद्राणीताई, आजचे सत्कारमूर्ती श्री. गुरुबसप्पा कलशेट्टी काका, त्यांच्याशेजारी संकोचून खुर्चीच्या कडेवर बसलेल्या चन्नम्मा काकू, सूरसंगत मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि सोलापूरच्या ऑर्केस्ट्रांतून, बँडांतून, भजनी मंडळांतून आपापली वाद्यं घरी ठेवून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी वैजयंती वाघमोडे. एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. साठ-साठ मुलांच्या वर्गासमोर बावीस वर्षं उभी राहिले, पण आज कागदावर लिहून आणलंय, तेवढं सांभाळून घ्यावं. मंडळानं मला पाच मिनिटं दिली आहेत. काकांविषयी चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी अपेक्षा आहे. ते मी बोलेनच. पण त्याआधी मला विचारायचंय, काका दुकान का बंद करताहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

निमंत्रणपत्रिकेत 'वयोमानानुसार' असं छापलंय. आत्ताच आबासाहेबही तेच म्हणाले. मोठ्या माणसाचं बोलणं खोडू नये, पण आबासाहेब, ते कारण खरं नाही. खरं कारण मला माहीत आहे. तिथवर येते मी.

ज्यांना काकांचं काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुधनीहून आलेला हा माणूस भवानी पेठेतल्या आठ बाय दहाच्या खोलीत काचेच्या नळीच्या व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ संपले, तेव्हा त्याच व्हॉल्व्हमधून त्यांनी इलेक्ट्रिक गिटारचे ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी यंत्रं, बनवायला घेतले. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतः गुंडाळायची, खोका स्वतः करायचा. वर्षाला दोन, फार तर तीन ॲम्प व्हायचे. पुण्याचे, बेंगळुरूचे वादक त्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर वाट बघत बसायचे. कशासाठी? स्वच्छ आवाजासाठी. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेरचं काम टाकलं की आवाज फाटतो. तो फाटलेला आवाजही अनेकांना आवडतो, त्याची एक धुंदी असते. पण तार जशी छेडली तशीच ऐकू यावी, हळू तर हळू, जोरात तर जोरात, आणि तरी कुठं चिरफाड होऊ नये, हे फार अवघड. काका म्हणायचे, "आवाजाला उटून उभं ऱ्हायाला जागा पायजे की. छत ठेंगणं असलं तर डोकं आपटनारच."

माझे पती सिद्धनाथ गिटार वाजवायचे. समोर बसलेल्या पुष्कळांनी त्यांच्याबरोबर कार्यक्रम केलेत. माळशिरसकडचे, मेंढपाळ घरातले. गिटार घेऊन पहिल्यांदा गावी गेले, तेव्हा सासरे म्हणाले होते, "ह्यानं मेंढरं वळत्यात व्हय?" तरी त्यांनी वाजवणं सोडलं नाही. पंचवीस वर्षं वाजवलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हातातून गिटार छेडायची पट्टी गळून पडायला लागली. आधी वाटलं, मान आखडली असेल. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. औषध नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस वाजवता येईल?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी भलताच प्रश्न विचारलाय.

सिद्धनाथांनी मात्र दवाखान्यातून थेट रिक्षा भवानी पेठेत नेली. काका एका उघड्या ॲम्पमध्ये डोकं घालून बसले होते. सिद्धनाथ म्हणाले, "काका, माझा हात चाललाय. दर महिन्याला थोडा थोडा जाणार. जेवढा ऱ्हाईल तेवढ्यात वाजलं पायजे. आणि स्वच्छ वाजलं पायजे."

काकांनी त्यांना दुकानातल्या गिटारीवर चार तारा छेडायला लावल्या. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आवाज फाडून देऊ का? ते सोपं हाय. नुसतं बोट लागलं तरी गरजतंय. हात हलका हाय का जड, कुनाला कळनार पन न्हाय."

"म्हणूनच नको," सिद्धनाथ म्हणाले. "मला माझा हात ऐकायचाय. हाय तसा."

काकांनी समोरचं काम बाजूला सारलं. मग म्हणाले, "ईग नोड्री, आता बघा, काम लई अवगड हाय. पन बघू की."

मंडळी, त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. दर रविवारी काका पिशवीत अवजारं घालून आमचा जिना चढायचे. सिद्धनाथांचा स्पर्श दर आठवड्याला हलका होत होता, म्हणून ॲम्प दर आठवड्याला जास्त तीक्ष्ण कानाचा व्हायला हवा होता. पण कान तीक्ष्ण केला की घरघर वाढते, विजेची गुणगुण वाढते. त्यात आमच्या घराच्या मागेच यंत्रमाग. त्यांच्या मोटारींची करकर सुद्धा ॲम्पमधून यायची. म्हणून खरी परीक्षा मागांच्या सुट्टीच्या दिवशी. आणखी एक अडचण होती. या आजारात हाताला मध्येच झटका येतो. पिसासारखं फिरणारं बोट एकदम तारेवर आदळायचं. त्या धक्क्यानंही आवाज फाटू नये, असं दोन्ही एकाच वेळी हवं होतं. मी भूगोल शिकवणारी बाई, मला यातलं काय कळावं? पण ऐकून ऐकून मला झोपेतही कळायला लागलं.

काकांनी ट्रान्सफॉर्मर खोक्याबाहेर काढून लांब वेगळ्या पेटीत ठेवला, म्हणजे त्याची गुणगुण आत शिरू नये. आवाज वाढवायचं काम एका व्हॉल्व्हवर न टाकता तिघांत वाटलं. "एकाच बैलाला समदं वज्जं वडाया लावू ने," म्हणाले. जुन्या व्हॉल्व्हचं एक खोकं आणलं. एकेक व्हॉल्व्ह बसवायचा, पेन्सिलीनं त्यावर हलकेच टकटक करायचं आणि कान लावायचा. चाळीसांत तीन शांत निघाले. तीन! मी हिशेबानं चहा करत होते, ही माणसं हिशेबानं शांतता शोधत होती.

आणि खरंच वाजायचं. मी साक्षीला आहे. ज्या हातानं भाताचा घास उचलेना, त्या हाताच्या बोटांतून खोलीभर सूर यायचा. फुगवलेला नाही, दडपलेला नाही. ऐकताना कळायचं, की हात थकलाय. आणि हेही कळायचं, की हा सिद्धनाथांचाच हात. त्यांची स्वतःची एक सुरावट होती, कधी कुठं वाजवली नव्हती. ती ते रोज वाजवायचे. दर आठवड्याला थोडी संथ.

त्या दिवसांत मला आशा लागली. हे मला कबूल करायला लाज वाटते. ॲम्प सुधारत होता, हात नव्हे, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. तरी मनानं कुठंतरी धरलं होतं, की काका दर रविवारी येतात, म्हणजे काहीतरी बरं होत असणार. मी नवस बोलले. शाळेतल्या बाईंना सांगितलं, "ह्यांचं वाजवणं आता आधीपेक्षा गोड झालंय." त्यांना काय वाटलं असेल?

मग तो रविवार आला. दुपारची वेळ. मागांना सुट्टी होती. काकांनी सगळं जुळवलं आणि म्हणाले, "वाजवा." सिद्धनाथांचं बोट तारेवर होतं. ते बोटाकडे बघत राहिले. कपाळावर घाम आला. बोट हललं नाही.

काकांनी एक बटण थोडं फिरवलं. "ताई, अजून वाडवतो. निस्तं हललं तरी येतंय." पुन्हा थांबले. पुन्हा फिरवलं.

माझ्या आयुष्यात मी तसं काही ऐकलेलं नाही. आठ महिने त्यांनी त्या ॲम्पमधली घरघर, गुणगुण, करकर सगळं उपसून काढलं होतं. आता त्यात काहीही उरलं नव्हतं. इतका स्वच्छ झाला होता तो, की काहीच वाजत नाहीये, हे आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू येत होतं.

काकांचा हात तिसऱ्यांदा बटणाकडे गेला आणि मी ओरडले.

काका, तुम्ही मान खाली घालू नका. मला बोलू द्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी काकांना म्हणाले, "पुरे करा! उचला तुमचा डबा. तुम्ही आला नसता तर ह्यांनी केव्हाच गिटार खाली ठेवली असती, मीही रडून मोकळी झाले असते. तुम्ही आम्हाला आठ महिने खोट्या आशेवर नाचवलंत. तुमच्या कामाचं कौतुक व्हावं म्हणून एका मरणाऱ्या माणसाचा हात वापरलात. परत ह्या घराची पायरी चढू नका."

होय, अध्यक्ष महाराज, ही भाषा मी वापरली. सत्तरीच्या माणसाला. ज्यानं आमच्या घरी चहाखेरीज कधी काही घेतलं नाही, त्याला.

काकांनी स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पेन्सिल पिशवीत घातली. सिद्धनाथांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. ॲम्प तिथंच राहिला.

सिद्धनाथ दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले. तेव्हा जीभही जड व्हायला लागली होती. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "दवाखान्यात जाईल तितं काय गेलं त्याची तपासणी. काका काय उरलं ते ऐकायचे. तू त्यांनाच हाकललंस."

मी माफी मागायला का गेले नाही? हा प्रश्न तुम्ही मनात विचारत असाल, विचारायलाच हवा. दोनदा गेले. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत. दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले. सहा महिने असेच गेले.

मग गेल्या पंधरवड्यात चन्नम्मा काकू शाळेत आल्या. शिपायाला वाटलं, कुणा विद्यार्थ्याची आजी असेल. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "बाई, आमच्या ह्यांनी त्या रविवारपास्नं सोल्डरिंग हातात धरलं न्हाय. दुकानात जातात, लाइट लावतात, बसून येतात. म्हनतात, मी त्या मानसाला फशिवलं. आता लेकीकडं हुबळीला जायचं ठरिवलंय. तुमी एकदा बोला की." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर मंडळी, वयोमान नव्हे. सोलापुरातलं हे दुकान माझ्या जिभेनं बंद पाडलंय. आज इथं तुम्ही ज्या शालीनं सत्कार केला, तिच्याखाली हे ओझं घेऊन काका उद्या सकाळच्या गाडीत बसणार आहेत. मला ते बघवणार नाही.

सिद्धनाथ आज इथं नाहीत. या सभागृहाला जिना आहे, आणि आता त्यांना खुर्चीसकट उचलणंही धोक्याचं आहे. श्वास कमी पडतो. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आता आठवड्यांची बोलतात. बोलणं बंद झालंय. मी अक्षरांचा तक्ता धरते, हव्या त्या अक्षरावर ते डोळे मिटतात. काल शाळेतून आल्यावर त्यांनी तक्ता मागवला. पाऊण तास लागला. मध्ये दोनदा थकून थांबले. मी म्हणाले, "अहो, राहू द्या, मी सांगेन माझ्या शब्दांत." तर डोळे वटारले. ते वाचून दाखवते, त्यांनी लिहिलं तसंच.

"काका. ॲम्प बरोबर होता. आता तो चांगल्या हातासाठी बदला. कुणीही वाजवू दे. मी ऐकतो."

एवढंच आहे.

काका, मला तुमच्याकडून शिकलेलं इतकं तरी कळतं, की तो ॲम्प एखादा झटका सोसतो, पण आज कुणी धडधाकट माणसानं सलग वाजवला, तर आवाज फाटेल. तो एका न उरलेल्या हातापुरता बनवलाय. तो उलगडून पुन्हा बांधणं तुमच्याखेरीज कुणाला जमणार नाही. मी एकदा मागची फळी उघडून बघितली आणि घाबरून परत लावली. त्यांचा हात गेला, पाय गेले, आवाज गेला. कान शाबूत आहेत. किती दिवस, ते मला माहीत नाही. सहा महिने त्या घरात एक सूर वाजलेला नाही, काका. मागांच्या खडखडाटाखेरीज ते काहीही ऐकत नाहीत. मी हात जोडते. या व्यासपीठावर, एवढ्या लोकांसमोर तुम्हाला अडचणीत टाकतेय, हेही कळतंय मला. पण मी एकांतात मागितलं असतं, तर पुन्हा गल्लीच्या तोंडावरून परत फिरले असते.

पाच मिनिटं केव्हाच संपली. सूरसंगत मंडळानं मला बोलायची संधी दिली, आबासाहेबांनी मध्ये थांबवलं नाही, रुद्राणीताईंनी आपलं भाषण मागे ठेवून मला आधी बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. गौरवाचे शब्द राहिलेच. सभेचा संकेत मोडून मी घरचं रडगाणं मांडलं, काही अधिक-उणं बोलले असेन, तर सभागृहानं मोठ्या मनानं ते पोटात घालावं.

काका, तुम्ही मात्र पोटात घालू नका. मला रागवायला तरी घरी या.