थोरली की धाकटी

हात पूस आधी. केकचं लोणी लागलंय बोटांना, तशीच तारांना लावशील. तिथं कापड आहे, घे. आणि मला मदर व्हर्लीन म्हणू नकोस, लॅमर — चर्चमधल्या सगळ्यांची मदर असेन मी, तुझी नाही. हं. तर या दोन गिटारी. ही थोरली, ही धाकटी. दोन्ही आतून अर्ध्या पोकळ, दोन्ही लाल, दोन्ही माझ्या नवऱ्याच्या, क्लिओथाच्या. आपल्या चर्चची रीतच आहे ना — गिटारवाला देवाघरी गेला की त्याच्या जागी बसणाऱ्यानं त्याची एक गिटार निवडून न्यायची, आणि घरच्यांनी त्यात तोंड घालायचं नाही. मी कुठं घालतेय? मी आपली नुसती बोलतेय.

थोरली घे. क्लिओथानं उभा जन्म चर्चमध्ये हीच वाजवली. पास्टर प्रवचनाच्या शेवटी आवाज चढवायचे, लोक बाक सोडून उभे राहायचे, बायका चपला काढून नाचायला लागायच्या, आणि ही नुसती मांडीवर टेकली तरी गुणगुणायची. पोट मोठं, मग घुमणारच. फक्त स्पीकरच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. गेल्या रविवारी राहिलास ना तू, ती उसनी गिटार घेऊन? पास्टर हळू आवाजात प्रार्थना सांगताहेत आणि मागून स्पीकरचा हा हंबरडा. माझ्या शेजारच्या सिस्टर ओझेलाला वाटलं, कुणावर पवित्र आत्मा उतरला — उठून हात वर करून रडली बिचारी. हसू नकोस. तिचे गुडघे दुखतात.

धाकटीकडे काय बघतोस? खेळणं आहे ते. हलकी आहे, कुशीत बसते, उगाच घुमत नाही — कबूल. पण सगळं चर्च गायला लागल्यावर तिला विचारतो कोण? काय? तुझ्या अंगाला थोरली मोठी होते? मग खात जा जरा. केक संपव तो.

राग? आहे की. विचारलंस म्हणून सांगते. नाही विचारलंस? मग तोंड तसं का केलंस? क्लिओथा शेवटचा इस्पितळात होता. जिवंत होता. आणि मी माझ्या बाकावरून बघतेय, तू त्याच्या स्टुलावर जाऊन बसलास. बसलास ते बसलास — शिवाय वाकून, खिटी फिरवून स्टूल खाली केलंस. किती महिने रिकामं होतं ते स्टूल, पण दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता त्याला कधी. आणि वाजवलंस चांगलं, तोच तर त्रास. वाईट वाजवलं असतंस तर हसत जाऊन सांगितलं असतं त्याला. त्यानं विचारलं, नवा कसा वाजवतो? मी म्हटलं, बरा. पण माझा चेहरा त्याला वाचता यायचा. त्यानं पास्टरना बोलावलं, अडखळत अडखळत सांगितलं, दोन्हींतली हवी ती त्याला घेऊ द्या. दोन्हींतली. मला विचारलंसुद्धा नाही मेल्यानं.

ठेव ती धाकटी. खाली ठेव म्हणतेय ना. — ओरखडे? वरच्या कडेला ना? ते क्लिओथाचे नाहीत, त्याच्या मनगटात कधी काही नसायचं. हे माझं कडं. — माझं म्हणजे माझं. इस्पितळाच्या कितीतरी आधी, अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात लुळा पडला. डावा शाबूत. डाव्यानं तारा दाबता येतात, पण छेडणार कोण? मी. इथंच, या दोन खुर्च्या चिकटवून — तो दाबायचा, मी छेडायचे. थोरलीवर जमेना, तिचं पोट इतकं रुंद की माझा हात पोचेना, कोपर त्याच्या बरगडीत जायचं, तो ओरडायचा, मग मी ओरडायचे. म्हणून ही धाकटी आणली. चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं, म्हातारा हौस करतोय. लग्न झाल्यापासून त्याचं वाजवणं ऐकलं, पण ठेका कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. आणि शेवटच्या हिवाळ्यात तो मला म्हणतो, व्हर्लीन, घाई करू नको, मी थांबतो. — बघ, काय काय बोलायला लावतोस.

आता काय करता म्हणजे? डावा हात गेला, उजवा उरलाय. संध्याकाळी हिला, धाकटीला, घेऊन बसते आणि मोकळ्या तारा छेडते. मला दाबता कुठं येतात? मोकळ्या तारांचं गाणं होत नाही, ते तुलाही ठाऊक आहे. तरी छेडते. हे तुला सांगायचं नव्हतं. आता तू दया म्हणून थोरली उचलशील, आणि तुझी दया मला नकोय. कानानं निवड. मी गप्प बसते.

उचललीस.

कशानं निवडलीस ते सांगू नकोस. ती काळी पेटी तिची. खालून धर, मूठ सैल आहे. आणि ऐक — रविवारी ते स्टूल होतं तिथं वर कर. थोरलीला उंचच लागतं, नाहीतर खांदा धरेल तुझा. मी बघेन. नीघ आता. जाळीचं दार ओढून घे, माशा येतात.