मागची कड

(पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यातली घासकामाची शेड. जेवणाची सुट्टी. पात्यांचा आकार ठरवणारी मुलगी आणि पाती घासणारे तिचे बाबा.)

मुलगी : खोटं बोलू नका, बाबा. तिन्ही पात्यांच्या कडा तुम्हीच घासल्यात.

बाबा : ओरडू नकोस. शेड आहे ही, घर नव्हे.

मुलगी : ओरडणारच! चाचणीत पाती शिट्ट्या मारतायत. दोन वर्षं रक्त आटवून तो आकार बसवला मी. मागची कड एक मिलिमीटर जाडीची लिहिली होती, एक! वारा तिथून अलगद सुटायला हवा. तुम्ही पातळ टोक घासून उडवलंत, जाडी पाच केलीत, वर गोलाई दिलीत. आता वारा तिथे घुटमळतो आणि बोंबलतो.

बाबा : बोंबलू दे.

मुलगी : बोंबलू दे? चार वाजता अहवाल द्यायचाय. कड कुणी बिघडवली ते लिहायचंय त्यात. नोकरी जाईल तुमची!

बाबा : मग लिही की. तुझा हात कुणी धरलाय?

मुलगी : तीस वर्षं हेच काम करताय. ड्रॉइंग तुम्हाला वाचता येतं. मग का?

बाबा : कड कसली, सुरी होती ती! शेवटचा हात उघडाच फिरवावा लागतो, हातमोज्यातून खडबड कळत नाही. मावशीचा तळवा फाटला. सतरा टाके पडले.

मुलगी : कुठल्या मावशी?

बाबा : घे! माझ्या जोडीला घासायची ती. तुला कशाला माहीत असेल? तू शेडमध्ये आलीस कधी?

मुलगी : मला सांगायचं होतंत! एका घरात राहतो आपण. कड जाड धरून मी आकारच नव्याने बसवला असता. महिन्याभराचं काम!

बाबा : ड्रॉइंगवर तुझी सही होती. पहिलीवहिली. अख्ख्या शेडला दाखवत हिंडलो होतो मी. त्याच लोकांसमोर तुझी चूक काढू?

मुलगी : म्हणून गुपचूप कानस चालवलीत? माझी अब्रू राखायला माझंच पातं मोडलंत? कमाल आहे तुमची!

बाबा : आहे खरी. टाक लिहून.

मुलगी : टाकतेच. तसली कड मी मागितली, तेही लिहीन आणि तुम्ही ती चोरून घासलीत, तेही. दोघांची नावं जातील.

बाबा : वेड लागलंय का? तुझं कशाला?

मुलगी : मध्ये बोलू नका! आधी त्या मावशींना भेटते. कुठे असतात त्या?

बाबा : मूठ मिटत नाही तिची, म्हणून फाटकावर बसवलंय. रोज सकाळी तुला दार तीच उघडून देते.